विश्लेषण : काँगोचा ‘काकुंगू’ मुखवटा मायदेशी परतला, पण ‘उसना’ का?

बेल्जियमच्या राजाने २०२२ मध्ये काँगोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक भलामोठा लाकडी मुखवटा सुपूर्द केला. सुकू या छोट्या समाजाचा हा मुखवटा अनेक दशके ब्रसेल्सजवळच्या संग्रहालयात होता. मात्र तो परत दिला गेला नाही, तर ‘अमर्याद मुदतीसाठी उसना’ देण्यात आला. वसाहतकाळात युरोपात गेलेल्या वस्तूंचा वाद नेमका कुठे अडतो, हे या एका मुखवट्याच्या प्रवासातून समजते.

किन्शासात नेमके काय घडले?

बेल्जियमचे राजे फिलिप जून २०२२ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या दौऱ्यावर गेले. गादीवर आल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच काँगो दौरा होता. ८ जून रोजी राजधानी किन्शासा येथील राष्ट्रीय संग्रहालयात अध्यक्ष फेलिक्स त्शिसेकेदी यांच्या उपस्थितीत त्यांनी ‘काकुंगू’ हा मुखवटा काँगोच्या स्वाधीन केला. त्याच दिवशी केलेल्या भाषणात त्यांनी वसाहतकाळातील अत्याचारांबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. औपचारिक माफी मात्र मागितली नाही. मुखवट्याच्या बाबतीतही असाच हात राखून व्यवहार झाला. वस्तू किन्शासात आली, पण कागदोपत्री मालकी बेल्जियमकडेच राहिली. त्यानंतर काही दिवसांतच, २० जून रोजी, काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांचा दात ब्रसेल्समध्ये त्यांच्या कुटुंबीयांकडे सोपवण्यात आला. १९६१ मध्ये लुमुम्बा यांची हत्या झाली होती आणि त्यांच्या देहाचा तेवढाच अवशेष उरला होता. त्यामुळे तो महिना दोन्ही देशांच्या संबंधांत महत्त्वाचा ठरला.

सुकू लोक कोण आहेत?

काँगोच्या नैर्ऋत्य भागात, अंगोलाच्या सीमेलगत क्वांगो नावाचा प्रदेश आहे. २०१५ च्या फेररचनेनंतर तो स्वतंत्र प्रांत झाला. गवताळ माळराने, नद्यांकाठची झाडी आणि फारशी सुपीक नसलेली जमीन असा हा मुलूख. येथे याका हा मोठा समाज आहे आणि त्यांच्या पूर्वेला सुकू राहतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ इगोर कोपिटॉफ यांनी सुकूंमध्ये राहून अभ्यास केला, तेव्हा त्यांची संख्या सुमारे ८० हजार होती. कसावाची शेती मुख्यतः बायका करत. पुरुषांच्या दृष्टीने खरी प्रतिष्ठा शिकारीत होती, मग हाती सावज लागो अथवा न लागो. समाजाच्या शिरोभागी ‘मेनी कोंगो’ ही पदवी धारण करणारा राजा असे.

सुकूंमध्ये वंश आईकडून मोजतात. मूल आईच्या कुळाचे असते, त्यामुळे त्याच्या आयुष्यात मामाचे स्थान मोठे. कुळाचा कारभार वडीलधाऱ्यांच्या हाती असतो आणि हे वडीलधारेपण मृत्यूनेही संपत नाही. कोपिटॉफ यांनी १९७१ मध्ये लिहिलेल्या निबंधात याच मुद्द्यावर बोट ठेवले. सुकू भाषेत ‘पूर्वज’ यासाठी वेगळा शब्द नाही. हयात वडीलधारे आणि दिवंगत वडीलधारे, दोघांनाही एकाच नावाने संबोधले जाते. अडचण आली की कुळातील वयस्क माणसे थोरल्यांच्या थडग्यापाशी किंवा वाटांच्या फाट्यावर जातात, खाण्याचे पदार्थ आणि ताडी ठेवतात आणि घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावे तसे बोलतात. त्यात विनवणी असते, तशी तक्रारही असते. मुखवट्यांचा अर्थ समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी आवश्यक आहे.

‘काकुंगू’ कसा असतो?

सुकू आणि याका या दोन्ही समाजांत आढळणारा काकुंगू हा सर्वांत मोठा आणि सर्वांत धाक असलेला मुखवटा. फुगलेले गाल, पुढे आलेली जड हनुवटी, खोल डोळे, लाल-पांढऱ्या रंगाचे पट्टे आणि खाली लोंबणारी राफिया या ताडाच्या धाग्यांची झालर हे त्याचे रूप. सुंदर दिसावा म्हणून तो घडवलेलाच नाही. पाहणाऱ्याने बिचकून मागे सरावे, हाच उद्देश.

असा मुखवटा दर उत्सवाला बाहेर काढत नसत. तो इतर वस्तूंपासून दूर, वेगळ्या झोपडीत ठेवला जाई आणि मंतरलेल्या वस्तूंची विद्या जाणणारा माणूसच त्याची देखभाल करी. मुलांच्या सुंता-संस्काराच्या दिवशी तो प्रकट होई. मुलांवर वाईट नजर ठेवणाऱ्याला, त्यांच्यावर करणी करू पाहणाऱ्याला त्याने धाक दाखवावा, ही अपेक्षा असे. वादळ-पाऊस आवरण्याची आणि आजार बरे करण्याची शक्तीही त्याच्याकडे असल्याचे मानले जाई. आजच्या भाषेत सांगायचे तर तो त्या संपूर्ण सोहळ्याचा संरक्षक होता.

मग ‘हेम्बा’ मुखवटा कोणता?

जगभरच्या संग्रहालयांत ‘सुकू मुखवटा’ म्हणून जो अधिक दिसतो, तो ‘हेम्बा’. काँगोच्या पूर्व भागात हेम्बा याच नावाचा एक वेगळा समाज आहे. त्याच्याशी या मुखवट्याचा संबंध नाही. सुकूंचा हेम्बा लाकडाच्या एकाच ओंडक्यातून आतून पोखरून काढलेला असतो आणि शिरस्त्राणासारखा संपूर्ण डोक्यावर बसतो. चेहरा पांढऱ्या मातीने रंगवलेला, डोळ्यांच्या जागी अरुंद फटी, मुद्रा शांत. माथ्यावर बहुधा एखादा प्राणी, पक्षी किंवा मानवी आकृती कोरलेली असते. गळ्याभोवती राफियाची दाट झालर असते, त्यामुळे नाचणाऱ्याचा चेहरा तर झाकतोच, पण मान आणि खांदेही दिसेनासे होतात.

मध्य आफ्रिकेच्या या पट्ट्यात पांढरा रंग मृतांच्या जगाशी जोडलेला आहे. हेम्बा हा दिवंगत वडीलधाऱ्यांचा, विशेषतः आईच्या कुळातील प्रमुखांचा आणि मामांचा चेहरा मानला जातो. शिकारीत यश मिळावे, आजार हटावेत, गुन्हेगाराला शासन व्हावे, अशा कामांसाठी त्याची शक्ती उपयोगी पडते, अशी श्रद्धा. काकुंगू धाक घालतो, तर हेम्बा कुळातील थोरल्यांची उपस्थिती जाणवून देतो. दोघांच्या चेहऱ्यांत एवढा फरक आहे, त्याचे कारण त्यांच्या कामात आहे.

या मुखवट्यांचे ‘मुकांडा’त काय काम असते?

मुलाला पुरुष म्हणून मान्यता देणारा संस्कार म्हणजे मुकांडा. सुकू, याका आणि या पट्ट्यातील इतर अनेक समाजांत तो कमी-अधिक फरकाने आढळतो. साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा गट गावाबाहेर तात्पुरत्या उभारलेल्या वस्तीत नेला जाई. तिथे सुंता होई आणि जखम भरल्यानंतरही मुले महिनोन् महिने, पूर्वी कधी वर्षभराहून अधिक काळ, तिथेच राहत. शिकार, गाणी, नृत्य, कुळाचे नियम आणि थोरांशी वागण्याची रीत यांचे शिक्षण तिथे मिळे. स्त्रियांना आणि संस्कार न झालेल्यांना तिथे प्रवेश नसे.

या काळात मुलगा धोक्याच्या उंबरठ्यावर असतो, अशी समजूत होती. तो आता लहान राहिलेला नाही आणि अजून पुरुषही झालेला नाही. जखम चिघळून मूल दगावण्याची भीती तर खरीखुरी होती. म्हणून सुरुवातीला काकुंगूचे संरक्षण लागे. शेवटी मुले गावात परतत, तेव्हा जाहीर नृत्ये होत आणि त्या वेळी हेम्बासारखे मुखवटे लोकांसमोर येत. वस्तीत सोसलेल्या कष्टांचा शेवट आनंदाच्या मिरवणुकीत होई.

मुखवटा म्हणजे केवळ कोरलेले लाकूड नसते. राफियाचा पेहराव, ढोल, गाणे, नाचणाऱ्याचे अंग, त्याला ओळखले तरी नाव न घेण्याचा संकेत हे सगळे मिळून तो पुरा होतो. संस्कार संपला की अनेक मुखवटे टाकून दिले जात, नष्ट केले जात किंवा विकलेही जात. काकुंगूसारखे प्रभावी मानलेले मोजके मुखवटे मात्र जपून पुढच्या पिढीकडे सोपवले जात. म्हणजे कोणता मुखवटा गावाबाहेर जाऊ शकतो आणि कोणता नाही, हा भेद खुद्द त्या समाजातच होता. युरोपातील काचेच्या कपाटात मात्र दोन्ही एकाच रांगेत येऊन बसले.

ते युरोपात कसे पोहोचले?

बेल्जियमचे राजे लिओपोल्ड दुसरे यांनी १८८५ पासून काँगो ही आपली खासगी मालमत्ता म्हणून चालवली. हस्तिदंत आणि रबर यांच्या लुटीत तिथे अमानुष अत्याचार झाले. जगभर टीका झाल्यावर १९०८ मध्ये हा प्रदेश बेल्जियम सरकारने ताब्यात घेतला आणि १९६० पर्यंत तो त्यांची वसाहत राहिला. १८९७ मध्ये ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त जवळच्याच टेर्व्हुरेन येथे काँगोचा विभाग उभारण्यात आला. तिथे वस्तूंबरोबर २६७ काँगोली स्त्री-पुरुष आणि मुलेही ‘प्रदर्शनात’ मांडण्यात आली. त्यांपैकी सात जण तिथेच मरण पावले. याच प्रदर्शनातून पुढे मध्य आफ्रिकेचे शाही संग्रहालय उभे राहिले.

वस्तू जमवण्याचे मार्ग अनेक होते. लष्करी मोहिमांत काही हिसकावल्या गेल्या. धर्मप्रसारकांनी ‘मूर्तिपूजेची साधने’ म्हणून काही जप्त केल्या, तर काही स्वतःच्या संग्रहासाठी ठेवल्या. अधिकाऱ्यांना काही भेट मिळाल्या. बऱ्याच वस्तू पैसे मोजून घेतलेल्याही आहेत. किन्शासाला गेलेला काकुंगू यातील उशिराच्या टप्प्यातला आहे. १९५० च्या दशकात टेर्व्हुरेनच्या संग्रहालयाचे अभ्यासक आल्बर्ट मासेन यांनी काँगोत केलेल्या संशोधन मोहिमेतून तो बेल्जियमला आला. म्हणजे तो युद्धातील लूट नव्हता. पण ज्या प्रदेशात कायदा, पोलीस, कर आणि दवाखाना सगळेच परकीय सत्तेच्या हाती होते, तिथे गावकऱ्यांनी दिलेला होकार किती मोकळेपणाने दिला होता, हा प्रश्न उरतोच. वसाहतीतील वस्तूंबाबतचा सर्वांत अवघड पेच हाच आहे. उघड लूट ओळखणे सोपे असते. असमान सत्तेखाली झालेल्या व्यवहाराला काय म्हणायचे, यावर मात्र एकमत नाही.

परत देण्याऐवजी ‘उसना’ देण्याचे कारण काय?

मुख्य कारण कायद्याचे. टेर्व्हुरेनचा संग्रह बेल्जियमच्या केंद्र सरकारच्या सार्वजनिक मालमत्तेत मोडतो आणि अशी मालमत्ता सहजी कुणाला देऊन टाकता येत नाही. जून २०२२ मध्ये राजाचा दौरा झाला, तेव्हा ही अडचण दूर करणारा कायदा अद्याप अमलात आलेला नव्हता. त्यामुळे अमर्याद मुदतीच्या कर्जाचा मार्ग काढण्यात आला.

टीकाकारांचे म्हणणे असे, की आपली वस्तू आपल्यालाच उसनी देणे हा अपमान आहे. घेणाऱ्याने कर्जाच्या कागदावर सही केली, की समोरचाच मालक आहे हे तो मान्य करतो. समर्थक म्हणतात, कायदा बदलण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा वस्तू आधी लोकांसमोर पोहोचणे महत्त्वाचे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच जगभर असे ‘कर्ज’ वादग्रस्त ठरते.

महाराष्ट्राला हा वाद अनोळखी नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तीही तीन वर्षांच्या कर्जावर. अफजलखानाच्या वेळी वापरलेली वाघनखे हीच का, याची खात्री देता येत नसल्याचे त्या संग्रहालयानेच सांगितले आहे. तरीही ती पाहण्यासाठी गर्दी झाली आणि ‘कायमची का नाहीत?’ हा प्रश्न इथेही विचारला गेला.

याआधी काँगोला काही परत मिळाले होते का?

होय, आणि तो अनुभव कडू-गोड आहे. देशाचे तेव्हाचे हुकूमशहा मोबुटू यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा विषय जोरकसपणे मांडला. श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या कलावस्तू परत कराव्यात, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमसभेने वस्तू परत करण्यासंबंधीचा ठराव क्रमांक ३१८७ मंजूर केला. पुढे १९७६ ते १९८२ या काळात टेर्व्हुरेनमधून ११४ वस्तू किन्शासाला देण्यात आल्या. तेव्हाही बेल्जियमने ‘परतफेड’ हा शब्द टाळून त्यांना भेट म्हटले.

१९९० च्या दशकात मोबुटू यांची सत्ता कोसळत असताना किन्शासातील संग्रहातून चोऱ्या झाल्या आणि काही वस्तू पुन्हा युरोपच्या बाजारात दिसू लागल्या. ‘त्यांना सांभाळता येत नाही’ हा युक्तिवाद करणाऱ्यांना यामुळे आयतेच कोलीत मिळाले. पण त्या चोरीच्या वस्तू विकत घेणारे ग्राहक युरोपातच होते, हे त्या युक्तिवादात सांगितले जात नाही. आता परिस्थिती बदलली आहे. दक्षिण कोरियाच्या मदतीने बांधलेले नवे राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये किन्शासात सुरू झाले. काकुंगू तिथेच सुपूर्द करण्यात आला.

बेल्जियमच्या नव्या कायद्याने काय बदलले?

फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्जियमने काँगोच्या पंतप्रधानांकडे टेर्व्हुरेनमधील सुमारे ८४ हजार काँगोली वस्तूंची यादी सोपवली. जुलैमध्ये, म्हणजे राजाच्या दौऱ्यानंतर महिनाभरात, नवा कायदा मंजूर झाला. वसाहतकाळाशी संबंधित वस्तूंची मालकी परदेशाला देता येईल, अशी तरतूद त्यात आहे. काँगोबरोबरच रवांडा आणि बुरुंडी हे बेल्जियमच्या ताब्यात राहिलेले देशही त्यात येतात. मानवी अवशेष आणि अभिलेख मात्र त्यातून वगळले आहेत.

हा कायदा आपोआप एकही वस्तू परत पाठवत नाही. आधी दोन्ही देशांत करार व्हावा लागतो. मग तज्ज्ञांनी प्रत्येक वस्तू कशी मिळवली गेली, याचा शोध घ्यायचा. हजारो वस्तूंच्या नोंदीत गावाचे किंवा देणाऱ्याचे नावच नाही. जोरजबरदस्तीने घेतलेल्या वस्तूंचे प्रकरण तुलनेने सरळ आहे. काकुंगूसारख्या, संशोधकांनी शांततेच्या काळात जमवलेल्या वस्तूंची खरी कसोटी आहे. फ्रान्सने २०२१ मध्ये बेनिन या देशाला अबोमी राजवाड्यातील २६ वस्तू परत दिल्या, तर जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाला बेनिन कांस्यमूर्ती दिल्या. या दोन्ही प्रकरणांत लष्करी लुटीचा इतिहास स्पष्ट होता. सुकू मुखवट्यांच्या बाबतीत तसा पुरावा दाखवता येणे कठीण.

बाजाराचा यात काय वाटा?

आफ्रिकी मुखवट्यांच्या व्यापारात ‘वापरलेला’ मुखवटा मौल्यवान ठरतो. आतल्या बाजूला घामाने आलेली झिलई, झिजलेली कड, जुने रंग यांवर किंमत ठरते. ग्राहकासाठी नवा कोरलेला मुखवटा म्हणजे नक्कल. त्यामुळे जे मुखवटे समाजाने जपून ठेवलेले असतात, त्यांनाच सर्वाधिक मागणी येते. जुनेपणाचा आभास निर्माण करून विकण्याचा धंदाही त्यातूनच फोफावला. गावात मात्र हिशेब उलटा आहे. तिथे मुखवट्याचे वय महत्त्वाचे नसते, तो कोणी, कशासाठी आणि कोणाच्या संमतीने घातला, हे महत्त्वाचे असते.

मुखवटा परतला, पुढे काय?

काकुंगू किन्शासात आला, क्वांगोमध्ये नाही. राजधानीतील संग्रहालयात तो पाहणारे बहुतेक काँगोली सुकू नाहीत. त्यांच्यासाठी तो राष्ट्रीय वारसा आहे. सुकू कुळांसाठी तो कोणाचा, यावर हक्क राष्ट्राचा की समाजाचा, हे कोणत्याही करारात सहज मावणारे नाही. शिवाय ज्या संस्कारासाठी तो घडला, तोही बदलला आहे. मिशनच्या शाळा, शहरांकडे जाणारी कुटुंबे आणि दवाखान्यात होणारी सुंता यांमुळे वस्तीवरचा दीर्घ मुक्काम आक्रसत गेला. आर्थर बुर्ज्वा यांच्यासारख्या अभ्यासकांनी याका आणि सुकू कलेवर केलेले लेखन आज अनेक तपशिलांचा आधार आहे. पण लिहिलेल्या तपशिलांवरून नाच पुन्हा उभा राहत नाही. त्यासाठी तो पाहिलेली, केलेली माणसे हवीत आणि त्यांच्यातील वयस्क दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणूनच मालकीच्या कागदाइतकेच दुसरे कामही तातडीचे आहे. टेर्व्हुरेनच्या यादीतील वस्तू कोणत्या गावच्या, कोणत्या कुळाच्या, त्यांचे नियम काय, हे अद्याप सांगू शकणाऱ्यांपर्यंत ती यादी पोहोचणे. मामांचे आणि पूर्वजांचे चेहरे म्हणून घडवलेल्या या मुखवट्यांबाबत निर्णय घेताना सुकूंमधील हयात वडीलधाऱ्यांना विचारले जाते की नाही, यावर या परतीचे मोल ठरेल. बेल्जियम आणि काँगो यांच्यातील पुढच्या वाटाघाटींकडे पाहताना ८४ हजार या आकड्याइतकेच लक्ष त्याकडेही असायला हवे.